सरकारच्या खुर्चीला धर्म असावा का?

१८४७ साली लंडन शहराच्या मतदारांनी लायनेल द रॉथशील्ड यांना ब्रिटिश संसदेवर निवडून दिलं. सभागृहात त्यांना बसता आलं ते मात्र १८५८ मध्ये. मधल्या काळात ते पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले आणि दर वेळी शपथेपाशी अडत राहिले. खासदाराच्या शपथेत ‘ख्रिस्ती माणसाच्या खऱ्या श्रद्धेला स्मरून’ अशा अर्थाचे शब्द होते आणि रॉथशील्ड ज्यू होते. १८५० मध्ये त्यांनी बायबलच्या जुन्या करारावर, म्हणजे ज्यूंनाही पवित्र असलेल्या भागावर, शपथ घेतली आणि तेवढे शब्द गाळले, तर त्यांना सभागृहाबाहेर जायला सांगण्यात आलं. लोकांनी मतं दिली होती आणि माणूस लायक आहे याबद्दल वाद नव्हता. त्यांचा देव कुणाचा, एवढ्यावरून अकरा वर्षं गेली.

पुढे १८८० मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ निवडून आले. ते उघड नास्तिक होते. देवाच्या नावे शपथ घेण्याऐवजी नुसती प्रतिज्ञा करू द्या, असं ते म्हणाले. नकार मिळाला. मग ठीक आहे, शपथ घेतो म्हणाले, तर ‘नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय?’ म्हणून तीही घेऊ दिली नाही. काही काळ त्यांना संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात डांबूनही ठेवलं. मतदार त्यांना निवडून देत राहिले, सभागृह बाहेर काढत राहिलं. अखेर १८८६ मध्ये त्यांना जागा मिळाली आणि १८८८ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने प्रतिज्ञेचा पर्याय कायद्यात आला.

धर्म आणि सरकार हा विषय निघाला की चर्चा बहुधा फार उंचावर जाऊन बसते. संस्कृती, परंपरा, अस्मिता असे मोठमोठे शब्द येतात आणि ज्याचं काम सरकारी दारात अडलेलं असतं, तो माणूस नजरेआड होतो. म्हणून सुरुवात या दोघांपासून केली. सरकारचा धर्माशी संबंध कसा असावा, हा प्रश्न जमिनीवर येतो तेव्हा तो असा असतो: माझी श्रद्धा वेगळी आहे किंवा मला श्रद्धाच नाही, म्हणून या खिडकीवर माझ्याशी वेगळं वागलं जाणार का?

आधी एक गुंता सोडवू. ‘धर्म सरकारमध्ये नको’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच वाक्यात कोंबतो. एक म्हणजे खुर्चीवरच्या माणसाची श्रद्धा आणि दुसरी म्हणजे खुर्चीची श्रद्धा. मंत्री, न्यायाधीश, शिक्षक ही माणसं असतात. सकाळी पूजा, नमाज किंवा प्रार्थना करून ती कामावर येतात. न्याय, दया, प्रामाणिकपणा यांचे त्यांचे संस्कार पुष्कळदा श्रद्धेतूनच आलेले असतात. ते दाराबाहेर काढून ठेवा, हे सांगणं अशक्य आहे आणि अन्यायाचंही. खुर्चीची गोष्ट वेगळी. तिच्या हातात कर वसूल करण्याची, परवाना देण्याची आणि तुरुंगात टाकण्याची ताकद असते. ती ताकद एका पंथाच्या बाजूने वापरली की बाकीचे नागरिक आपोआप दुय्यम होतात, मग त्यांना कोणी दुखवायचं ठरवलेलं असो वा नसो.

हा फरक कागदावर सोपा वाटतो. प्रत्यक्षात देशोदेशी त्याची उत्तरं इतकी वेगळी आहेत की ‘धर्मनिरपेक्ष देश’ आणि ‘धार्मिक देश’ असे दोनच कप्पे करून चालत नाही.

ब्रिटनचंच बघा. तिथला राजा आजही चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च प्रमुख आहे. त्या चर्चच्या २६ बिशपांना संसदेच्या वरिष्ठ सभागृहात राखीव जागा आहेत. कागदोपत्री हा अधिकृत धर्म असलेला देश, पण रोजचा कारभार चालतो तो संसदेच्या कायद्याने. फ्रान्स याच्या अगदी उलट टोकाला. १९०५ च्या कायद्याने तिथे जाहीर झालं की प्रजासत्ताक सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची हमी देतं आणि कोणत्याही पंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देत नाही. इतकं स्पष्ट असूनही दोन गोष्टी उरल्या. १९०५ पूर्वीच्या बहुसंख्य चर्चच्या इमारती सरकारी मालकीच्या आहेत, पॅरिसचं नोत्र दामसुद्धा. आणि अल्सास-मोझेल हा भाग त्या वर्षी जर्मनीकडे होता, त्यामुळे तो कायदा तिथे लागू झाला नाही. तिथल्या पाद्र्यांना आजही सरकारी पगार मिळतो. जर्मनीत तर चर्चसाठीचा कर सरकारच गोळा करतं, राज्यानुसार आयकराच्या ८ किंवा ९ टक्के. तो फक्त सभासदांकडून घेतला जातो आणि नको असेल तर रीतसर अर्ज करून चर्च सोडता येतं.

भारताने तिसरीच वाट धरली. संविधानाच्या २५ ते २८ या कलमांत श्रद्धेचं स्वातंत्र्य आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या वाढीसाठी कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, असंही आहे. पण त्याच २५ व्या कलमात सामाजिक सुधारणेसाठी आणि हिंदूंची सार्वजनिक धर्मस्थळं सर्व वर्गांना खुली करण्यासाठी कायदा करण्याची मुभा सरकारला दिलेली आहे. म्हणजे सरकारने धर्मापासून सगळीकडे सारखं अंतर ठेवावं अशी अपेक्षाच नाही. धर्माच्या नावाखाली एखाद्या माणसाचं माणूसपण नाकारलं जात असेल तर सरकारने आत यावं, एरवी बाहेर राहावं, असा तो विचार आहे. नेमकं कुठे आत यायचं यावर वाद होतच राहतात आणि ते व्हायला हवेत.

इराणची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे धर्मसत्ता निवडणुकांसकट चालते. १९७९ च्या क्रांतीनंतरच्या राज्यघटनेनुसार संसद आणि अध्यक्ष लोक निवडतात. पण संसदेचा प्रत्येक कायदा बारा जणांच्या पालक परिषदेकडे जातो. त्यांतले सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो. उरलेल्या सहा कायदेतज्ज्ञांची नावं न्यायसंस्थेचा प्रमुख सुचवतो आणि संसद त्यांतून निवड करते. निवडणुकीला कोण उभं राहणार, हेही हीच परिषद ठरवते. आता सर्वोच्च नेत्याला कोण निवडतं? तज्ज्ञांची सभा. तिच्या निवडणुकीतले उमेदवार कोण चाळतं? पुन्हा पालक परिषद. असं हे वर्तुळ बंद होतं. मतदान होतं, पण कुणाला मत द्यायचं याची यादी आधीच तयार असते. धर्माचा अर्थ लावण्याचा शेवटचा अधिकार सरकारात बसवला की अडचण होते ती ही. देवाच्या वतीने बोलणाऱ्याला मतपेटीतून घरी पाठवता येत नाही.

इथवर वाचून वाटेल की धर्माला सरकारपासून दूर ठेवणं हा श्रद्धा नसलेल्यांचा आग्रह आहे. इतिहास उलट सांगतो आणि मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमधला छळ चुकवून प्युरिटन या ख्रिस्ती पंथाचे लोक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये गेले. छळ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होतं. तरी सत्ता हाती आल्यावर त्यांनी आपलाच पंथ सरकारी केला आणि १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चौघांना फाशी दिलं. मेरी डायर ही त्यांतली एक. तिला आधी एकदा वधस्तंभापर्यंत नेऊन परत पाठवलं होतं. हद्दपारीचा हुकूम मोडून ती पुन्हा आली आणि १६६० मध्ये तिला फासावर चढवलं. याच वसाहतीने त्याआधी रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला हाकलून दिलं होतं. विल्यम्स कमालीचे श्रद्धाळू होते. त्यांचं म्हणणं असं की, सक्तीने करवून घेतलेली उपासना देवाला पोचत नाही, म्हणून राज्यकर्त्याने माणसाच्या आत्म्याच्या कारभारात पडूच नये. चर्च ही बाग आहे आणि जग हे रान. दोहोंमधली भिंत पडली की रान बागेत शिरतं, असं त्यांनी लिहिलं. १६३६ मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवलं आणि तिथून उभ्या राहिलेल्या ऱ्होड आयलंडमध्ये क्वेकरांना आणि ज्यूंना थारा मिळाला.

भिंतीची तीच उपमा १८०२ मध्ये अध्यक्ष टॉमस जेफरसन यांच्या एका पत्रात आली आणि प्रसिद्ध झाली. ते पत्र होतं कनेटिकटमधल्या डॅनबरी इथल्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना. हे लोक धार्मिक अल्पसंख्याक होते. त्यांच्या राज्यात दुसऱ्या पंथाचं चर्च अधिकृत होतं आणि आपलं धर्मस्वातंत्र्य हा हक्क न राहता सरकारने केलेली मेहेरबानी ठरते, ही त्यांची तक्रार होती. भिंत मागायला गेले होते ते भाविक.

सरकारने पाठीवर हात ठेवला की धर्म काय गमावतो, याचं फार बोलकं उदाहरण ब्रिटनमध्येच आहे. चर्च ऑफ इंग्लंडने आपल्या प्रार्थनापुस्तकात सुधारणा केल्या. पुस्तक चर्चचं, प्रार्थना चर्चच्या. पण चर्च सरकारी, म्हणून मंजुरी संसदेची. कनिष्ठ सभागृहाने ते १९२७ मध्ये फेटाळलं आणि दुरुस्त करून आणल्यावर १९२८ मध्ये पुन्हा फेटाळलं. मत देणाऱ्या खासदारांमध्ये त्या चर्चचे सभासद नसलेलेही होते. आपण देवापुढे कोणते शब्द म्हणायचे हे भाविकांना ठरवता आलं नाही. तुर्कस्तानात ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत संपली आणि त्याच दिवशी धर्मव्यवहारांचं सरकारी खातं स्थापन झालं. तिथले इमाम सरकारी नोकर असतात आणि शुक्रवारचं प्रवचन या खात्याच्या देखरेखीखाली ठरतं. पगार देणारा कधी ना कधी मजकूरही ठरवू लागतो. राजाश्रय हवासा वाटणाऱ्या प्रत्येक धर्मसंस्थेने याचा विचार करावा, असं मला कळकळीने वाटतं.

आता रोजच्या व्यवहाराकडे येऊ. नगरपरिषदेच्या बैठकीची सुरुवात प्रार्थनेने करावी का? वरकरणी किरकोळ बाब आहे. कुणाला मारलं नाही, कर लावला नाही. पण याच प्रश्नावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी एका वर्षाच्या अंतराने उलटसुलट निकाल दिले.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ग्रीस नावाचं गाव आहे. तिथे १९९९ पासून दर महिन्याच्या सभेआधी स्थानिक धर्मगुरू प्रार्थना म्हणत. ते जवळजवळ सगळे ख्रिस्ती असत. दोन रहिवाशांनी हरकत घेतली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी प्रार्थनेच्या बाजूने कौल दिला: ही जुनी परंपरा आहे, कुणावर सक्ती नाही, प्रौढ माणसाला नुसतं अवघडल्यासारखं वाटणं म्हणजे जबरदस्ती नव्हे. विरोधी मत लिहिताना न्यायमूर्ती एलेना केगन यांनी वेगळ्या जागेवरून पाहिलं. संसदेत प्रार्थना होते तेव्हा नागरिक लांब बसलेला असतो, पण गावच्या सभेला तो स्वतःचं काम घेऊन येतो. ज्यांच्याकडून परवानगी हवी त्यांच्याच समोर, प्रार्थनेत सामील न होता वेगळं दिसणं त्याच्या वाट्याला येतं.

कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या सागने शहराची गोष्ट अशीच. तिथे महापौर सभेआधी स्वतः प्रार्थना म्हणत. एका नास्तिक नागरिकाने तक्रार केल्यावर शहराने २००८ मध्ये नियम केला: प्रार्थना आणि सभेची अधिकृत सुरुवात यांमध्ये दोन मिनिटं सोडायची, म्हणजे ज्याला प्रार्थना नको त्याने नंतर आत यावं. ही सोय ऐकायला समंजस वाटते. पण डोळ्यांसमोर आणून बघा. प्रार्थना संपते, सगळे बसतात, दार उघडतं आणि दोनचार माणसं आत येतात. आता आख्ख्या सभागृहाला कळलेलं असतं की हे कोण. श्रद्धा असणं किंवा नसणं ही ज्याची त्याची खासगी बाब. इथे ती दर सभेला सगळ्यांसमोर मांडावी लागते. २०१५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरवली. शहराचा एक युक्तिवाद होता की प्रार्थना बंद करणं म्हणजे नास्तिकतेची बाजू घेणं. न्यायालयाने तो खोडला. सरकारने ‘देव नाही’ असं म्हणणं आणि सरकारने याविषयी काहीच न म्हणणं यांत मोठा फरक आहे. तटस्थता म्हणजे हे दुसरं. मला कॅनडाच्या न्यायालयाचं म्हणणं पटतं, कारण त्याने प्रश्न सभागृहाच्या मधोमध बसलेल्यांच्या जागी उभं राहून न पाहता दाराशी थांबलेल्याच्या जागी उभं राहून पाहिला.

पण मग सैन्यात आणि तुरुंगात सरकारी पगारावर धर्मगुरू का असतात? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तरही तितकंच रास्त आहे. सरकार सैनिकाला घरापासून हजारो मैल दूर पाठवतं, कैद्याला कोंडून ठेवतं. त्यांना स्वतःहून प्रार्थनास्थळी जाता येत नाही, आणि ही अडचण सरकारनेच निर्माण केलेली असते. तिथे धर्मगुरूची सोय करणं म्हणजे सरकारने हिरावलेलं काही अंशी परत देणं. अट एवढीच की ती सगळ्यांसाठी हवी. अल्पसंख्य पंथाच्या कैद्याला ‘तुमचा माणूस नाही’ असं सांगितलं की ती सोय पक्षपात ठरते.

पोशाखाचा वाद याहून अवघड. २००४ पासून फ्रान्सच्या सरकारी शाळांत विद्यार्थ्यांना ठळक धार्मिक चिन्हं घालता येत नाहीत. क्यूबेकने २०१९ मध्ये सरकारी शाळांतले शिक्षक, पोलीस, सरकारी वकील यांना कामावर असताना धार्मिक चिन्हं घालायला बंदी केली. ब्रिटनमध्ये मात्र पगडी घातलेला शीख पोलीस नेहमीचा झाला आहे. क्यूबेकच्या बाजूने मुद्दा असा की पोलीस किंवा सरकारी वकील म्हणजेच सरकार. त्याच्या अंगावर चिन्ह दिसलं की समोरच्याला निःपक्षपणाची खात्री कशी वाटावी? मुद्दा खोटा नाही. तरी मला तो पुरेसा वाटत नाही. भिंतीवर टांगलेलं चिन्ह सरकारचं असतं, डोक्यावरचं चिन्ह त्या माणसाचं. आणि चिन्ह काढलं म्हणून पूर्वग्रह निघून जात नाही. त्या माणसाने काम कसं केलं, ते तपासावं. शाळकरी मुलीवर बंदी घालणं तर त्याहून चुकीचं वाटतं, कारण ती सरकारच्या वतीने काहीच करत नसते.

आणि अध्यात्म? धर्मसंस्था, कर्मकांड बाजूला ठेवलं तरी माणसाला आतून वाटणारी करुणा, पश्चात्ताप, क्षमा यांचं शासनात काही काम आहे का? दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण इथे दोन्ही बाजूंनी शिकवतं. वर्णभेदाच्या धोरणाला तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने बायबलमधून आधार शोधून दिला होता. त्याच बायबलच्या आधारे आर्चबिशप डेस्मंड टुटू त्या धोरणाविरुद्ध उभे राहिले. १९८२ मध्ये सुधारित चर्चेसच्या जागतिक संघटनेने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन हे पाखंड असल्याचं जाहीर केलं. वर्णभेद संपल्यावर सत्य आणि समेट आयोगाचे अध्यक्ष टुटूच झाले. कबुली आणि क्षमा ही त्यांची भाषा उघडच श्रद्धेतून आलेली होती. पण आयोग संसदेच्या कायद्याने स्थापन झाला होता, आणि माफी मिळायची ती राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण माहिती उघड केली तरच. कुठल्या देवावर विश्वास आहे, हे कुणालाही विचारलं जात नव्हतं. सगळेच पीडित समाधानी नव्हते, अनेकांना न्याय हवा होता, समेट नको होता. तरीही अध्यात्माने शासनात कसं यावं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही: प्रेरणा श्रद्धेची, पण नियम असे की श्रद्धा नसलेल्यालाही ते वाचून मान्य किंवा अमान्य करता यावेत.

कायदा करताना हीच कसोटी लावता येते. एखाद्या आमदाराला वाटलं की दारिद्र्य हटवणं हे देवाने सांगितलेलं काम आहे, तर त्याने जरूर तसं म्हणावं. सभागृहात मात्र त्याला असंही कारण द्यावं लागेल जे दुसऱ्या धर्माचा माणूस तपासू शकेल: किती लोक, किती खर्च, काय परिणाम. ‘आमच्या ग्रंथात आहे’ एवढंच कारण असेल, तर तो ग्रंथ न मानणाऱ्याकडे वाद घालायला काही उरतच नाही. त्याने फक्त पाळायचं. असा कायदा मागताना आपण बहुसंख्य आहोत या भरवशावर मागू नये, कारण सीमेपलीकडे गेलं की आपणही कुणाच्या तरी हिशेबात अल्पसंख्य असतो.

शेवटचा आणि कायम अर्धवट राहणारा भाग म्हणजे सवलतींचा. कायदा सगळ्यांना सारखा, पण एखाद्याच्या श्रद्धेला तो मुळावर येत असेल तर? यहोवाज विटनेस या पंथाने याबाबत अनेक देशांच्या न्यायालयांना विचार करायला लावला. या पंथाचे लोक राष्ट्रध्वजाला वंदन करणं ही उपासना समजतात आणि उपासना फक्त देवाची, असं मानतात. १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळा या मुलांना वंदन करायला भाग पाडू शकते. निकालानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले. १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. भारतात १९८६ मध्ये केरळमधल्या तीन भावंडांचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, गात मात्र नसत. म्हणून शाळेने त्यांना काढून टाकलं होतं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. ब्रिटनने १९७६ मध्ये पगडीधारी शिखांना मोटारसायकलवर हेल्मेटमधून सूट दिली. या सगळ्या सवलतींत एक गोष्ट समान आहे: धोका किंवा तोटा असलाच तर तो मुख्यतः स्वतःचा.

दुसऱ्याचा असेल तिथे उत्तर बदलतं. या पंथाचा प्रौढ माणूस श्रद्धेपोटी उपचारात दुसऱ्याचं रक्त घ्यायला नाही म्हणू शकतो. त्याच्या लहान मुलाचा जीव धोक्यात असेल, तर आईवडिलांचा नकार बाजूला सारून न्यायालयं उपचाराचे आदेश देतात. अमेरिकेच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९४४ मध्ये, याच पंथाच्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, म्हटलं होतं की आईवडिलांनी स्वतः हुतात्मा व्हायचं ठरवलं तर होऊ शकतात, मुलांना मात्र हुतात्मा करता येणार नाही. ते प्रकरण रस्त्यावर पंथाची मासिकं वाटण्याचं होतं, रक्ताचं नव्हे. चौदापंधरा वर्षांची समजती मुलं स्वतःच ‘मला रक्त नको’ म्हणतात तेव्हा काय करायचं, यावर डॉक्टर आणि न्यायाधीश आजही प्रत्येक प्रकरण वेगळं तपासून ठरवतात.